मुक्कामाची उंची

८ आणि ९ जुलै २०२३ या दोन दिवसांत हिमाचल प्रदेशात पावसानं कहर केला. बियास नदीनं कुल्लू-मनालीचे रस्ते, पूल आणि घरं ओढून नेली. तोच पाऊस चार हजार मीटरच्या वर बर्फ होऊन पडला. लाहौल-स्पिती जिल्ह्यातल्या चंद्रताल या तळ्याजवळच्या तंबूंमध्ये त्या वेळी जवळपास तीनशे पर्यटक होते. मनालीकडचा रस्ता दरडींनी बंद झाला होता आणि काझाकडची कुंझुम खिंड बर्फानं. अगदी निकड असलेल्या मोजक्या लोकांना ११ तारखेला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं उचललं. बाकीच्यांसाठी काझाच्या बाजूनं पथक निघालं, कुंझुमवरचा बर्फ यंत्रांनी आणि हातांनी बाजूला करत पुढे सरकलं. राज्याचे मंत्री जगतसिंग नेगी त्या पथकाबरोबर स्वतः तळ्यापर्यंत गेले. १३ जुलैला शेवटचा गट सुखरूप बाहेर पडला.

चंद्रतालला जायचं मनात असलेल्या प्रत्येक मराठी घरानं हा प्रसंग आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. जुलै म्हणजे तिथला ऐन हंगाम. अडकलेल्या माणसांची त्यात काहीच चूक नव्हती. पण ज्यांच्याकडे रोजच्या औषधांचा जादा साठा होता, ज्यांना परतीच्या विमानाची घाई नव्हती आणि ज्यांचं शरीर आधीच त्या उंचीला सरावलं होतं, त्यांचे ते चार-पाच दिवस आणि बाकीच्यांचे ते चार-पाच दिवस सारखे गेले नसणार.

चंद्रताल साधारण ४,३०० मीटर उंचीवर आहे. चंद्रकोरीच्या आकाराचं, ४९ हेक्टरांचं हे पाणी वरच्या चंद्रा खोऱ्यात, कुंझुम खिंडीच्या पायथ्याशी पसरलेलं आहे. त्यातून निघणारा प्रवाह चंद्रा नदीला मिळतो. पुढे तांदी इथे चंद्रेला भागा भेटते आणि दोघींची मिळून चिनाब होते. पांडवांच्या स्वर्गारोहणाच्या कथेत इंद्राचा रथ युधिष्ठिराला घ्यायला इथेच उतरला, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. पाण्याचा रंग सकाळी पोलादी, दुपारी गडद निळा, ढग आले की हिरवट. पलीकडे समुद्र टापू हिमनदीच्या दिशेनं जाणारं खोरं आणि त्यावरची शिखरं. एवढ्या उंचीवर, एवढ्या उजाड डोंगरांमध्ये असं पाणी पाहिल्यावर माणूस बोलायचा थांबतो. त्या पाण्याजवळ एक रात्र काढावी असं कुणाला वाटणार नाही?

वाटावंच. फक्त त्या रात्रीची तयारी आधीच्या रात्रींपासून सुरू होते, आणि आपल्याकडे नियोजन नेमकं तिथेच कच्चं राहतं.

आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा, अलंग-मदन-कुलंग केलेले. पाय भक्कम, दमही चांगला. पण कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक, १,६४६ मीटरांवर आहे. मनालीचा बाजार त्याहून चारशे मीटर उंच भरतो. म्हणजे आपल्या आयुष्यभराच्या गडभटकंतीत विरळ हवेचा अनुभव कुठेच येत नाही. ४,३०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के उरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात हाती येणारा ऑक्सिजन कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वास वाढवतं, लघवीवाटे रक्ताचं रसायन सावरतं, हळूहळू तांबड्या पेशी वाढवतं. या सगळ्याला दिवस लागतात. व्यायामानं ते दिवस कमी होत नाहीत.

हे भारतीय डॉक्टरांनी फार आधी नोंदवून ठेवलं आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानातले जवान थोड्या अवधीत हिमालयाच्या उंचीवर पोहोचवले गेले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांमधल्या उंचीच्या आजाराचा अभ्यास केला आणि तो १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. या विषयावर जगभर आजही ज्या कामाचा आधार घेतला जातो, त्यातलं ते एक. आजारी पडलेले ते सगळे निवडून घेतलेले, कवायतीत तयार झालेले जवान होते. ‘मी रोज दहा किलोमीटर पळतो, मला काही होणार नाही’ असं म्हणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी भराभरा चालतो, टेकाडं चढतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सहलीचा तक्ता करताना पाहायच्या ठिकाणांची यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक तारखेसमोर त्या रात्री कुठल्या उंचीवर झोपणार तो आकडा लिहा. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, नव्हे बरंच. रात्री खाली उतरून झोपा.

आता सगळ्यात जास्त खपणारा कार्यक्रम या नियमाला लावून बघा. मनालीत दोन रात्री, तिसऱ्या दिवशी पहाटे निघून अटल बोगद्यातून पलीकडे, ग्राम्फू, छत्रू, बातल करत संध्याकाळी चंद्रताल. मनाली २,०५० मीटरांवर. एका दिवसात झोपायची उंची सव्वादोन हजार मीटरनी वाढली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यानं लाहौलच्या लोकांवर मोठे उपकार केले. बारा महिने दवाखाना, बाजार, शाळा त्यांच्या आवाक्यात आल्या. पण पर्यटकासाठी त्याच बोगद्यानं उंची गाठणं फार सोपं करून ठेवलं आहे. ज्यांना मनालीकडूनच जायचं आहे, त्यांनी बोगद्यापलीकडे सिस्सू किंवा केलाँगला, म्हणजे ३,१०० मीटरांच्या आसपास, दोन रात्री काढाव्यात. तिथून पुढेही चंद्रताल हजार-बाराशे मीटर वर आहे. नियम पाळायचा तर मध्ये छत्रू-बातलच्या पट्ट्यात आणखी मुक्काम हवा, आणि तिथली सोय अगदी साधी आहे.

माझा कौल सिमल्याकडून जाणाऱ्या लांब वाटेला. मुंबई-पुण्याहून चंदीगड, तिथून सिमला किंवा नारकंडा. मग सतलजच्या काठानं किन्नौरमध्ये कल्पा, २,९६० मीटर. पुढे टाबो, ३,२८० मीटर, जिथला इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ आजही नांदता आहे. मग काझा, साधारण ३,७०० मीटर. काझाला दोन रात्री घालवाच. मधल्या दिवशी किब्बर, लांगझा, हिक्किम, कोमिक ही वरची गावं बघून या. हिक्किमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरच्या आसपास आहे. तिथून घरी पत्र टाकता टाकता शरीरालाही उंचीची ओळख होते. काझाहून थेट चंद्रतालला गेलात तर झोपायची उंची सहाशे मीटरनी वाढते, म्हणजे नियमाच्या थोडी बाहेर. घरात वडीलधारी माणसं किंवा मुलं असतील तर मध्ये लोसरला, ४,०८० मीटरांवर, एक रात्र थांबा. शेताच्या कडेला वसलेलं, मटार पिकवणारं हे गाव मुद्दाम थांबावं असंच आहे.

या वाटेला रजा जास्त लागते, खरं आहे. पण तिचा आणखी एक फायदा आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. चंद्रतालच्या काझा बाजूला कुंझुम खिंड आहे, ४,५५१ मीटर. रात्री कुणाची तब्येत बिघडली आणि गाडी काझाकडे वळवली, तर रुग्ण आधी आणखी वर चढतो. मनालीच्या बाजूला मात्र रस्ता बातल, छत्रू, कोकसर असा उतरतच जातो आणि कोकसरला जवळपास अकराशे मीटर कमी झालेले असतात. पुढे केलाँगला जिल्ह्याचं रुग्णालय आहे. म्हणजे काझाकडून सावकाश चढायचं आणि मनालीकडे उतरून जायचं, ही दिशा शरीराच्या सोयीची आहे. गाडी रात्रभर कॅम्पजवळच राहील आणि चालकही तिथेच मुक्कामाला असेल, हे ठरवताना पक्कं करून घ्या.

तब्येत बिघडली हे ओळखायचं कसं? डोकं दुखणं आणि त्याबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर, गळून जाणं, यापैकी काही असलं तर ती उंचीच्या आजाराची सुरुवात समजावी. ‘पित्त झालं असेल’, ‘गाडी लागली असेल’ अशी समजूत काढत बसू नये. त्या माणसानं वर चढायचं थांबवावं, विश्रांती घ्यावी, बरं वाटेपर्यंत पुढचा मुक्काम नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, तर फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता आहे. चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज येत असू शकते. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. जमलं नाही तर उजाडायची वाट पाहू नका, खाली उतरा. या दोन्ही अवस्थांवर खाली उतरणं हाच मुख्य उपाय आहे. ऑक्सिजन आणि औषधं ही उतरेपर्यंतची सोबत.

आपल्याकडच्या लडाख-स्पितीच्या तयारीत कापराची पुडी हमखास असते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘कोका ३०’च्या गोळ्यांचा सल्लाही फिरत असतो. कापूर हुंगल्यानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. होमिओपॅथीच्या त्या गोळ्यांनी उंचीचा आजार टळतो, याला भरवशाचा पुरावा नाही. विमानतळावर किंवा दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. प्रतिबंधासाठी ज्याचा उपयोग नीट तपासला गेला आहे ते औषध म्हणजे ॲसिटाझोलामाइड, बाजारातलं डायमॉक्स. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, गरोदरपण असेल तर ते चालेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटून ठरवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या त्या रात्री पूर्ण वर्ज्य. झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते; एवढ्या उंचीवर ते बहुतेकांना होतं, इतर लक्षणं नसतील तर घाबरू नये.

आता तळ्याविषयी. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला तंबूत राहण्याची आपल्याला गेल्या काही वर्षांत सवय लागली आहे. पाण्याला लागून तंबू, शेकोटी, निखाऱ्यावरचं खाणं, गाणी. तीच अपेक्षा मनात धरून माणसं चंद्रतालला जातात. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे. कॅम्प तळ्यापासून दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत. गाड्याही तळ्याच्या अलीकडेच थांबतात. शेवटचा टप्पा पायी. तुमचा स्वतःचा तंबू असला तरी हाच नियम.

हा नियम मला पूर्णपणे पटतो. ८ नोव्हेंबर २००५ रोजी चंद्रतालची नोंद रामसर यादीत झाली, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून. हिमबिबट्या, आयबेक्स, भरल, तांबडा कोल्हा, हिमकोंबडा यांचा हा मुलूख. आपल्या उजनी-जायकवाडीवर हिवाळ्यात दिसणारा चक्रवाक उन्हाळ्यात पिल्लं वाढवायला अशा उंच तळ्यांवर जातो. महाराष्ट्रात आपण ज्या पक्ष्याचं कौतुकानं छायाचित्र काढतो, त्याचं घर या जातीच्या पाण्यावर आहे. काठाची ओलसर हिरवळ वर्षातले तीन-साडेतीन महिनेच वाढते. तिच्यावर कांगडा-चंबाकडून खिंडी ओलांडून येणाऱ्या गद्दी मेंढपाळांचे कळप जगतात. पिढ्यान्‌पिढ्यांची त्यांची वहिवाट आहे. तंबूखाली दबलेलं, चाकांनी सोललेलं गवत पुन्हा धरायला वर्षं जातात.

थंडीमुळे तिथे काही लवकर कुजत नाही. संत्र्याची साल, टिश्यू, ओले रुमाल, डायपर, सगळं पुढच्या हंगामापर्यंत जवळपास तसंच राहतं. ‘जैविक कचरा आहे, टाकला तर काय बिघडलं’ हे सह्याद्रीतलं गणित तिथे लागू नाही. चिवडा, लाडू, भाकरवडी जरूर न्या, पण घरूनच डब्यांत भरून न्या, म्हणजे छोटी पाकिटं तिथे उघडली जाणार नाहीत. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी ठेवा आणि ती मनालीपर्यंत परत आणा. शेकोटी मागू नका. तिथे झाड नाही. जळण एकतर खालून ट्रकनं येतं, नाहीतर वीत-दोन वीत वाढायला अनेक वर्षं घेणारी झुडपं तोडून.

जेवणाबद्दल थोडं. त्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंश सेल्सिअसला उकळतं. उघड्या पातेल्यात तांदूळ शिजत नाही, तूरडाळ तर नाहीच. कॅम्पवाले प्रेशर कुकर वापरतात आणि इंधन भरपूर जाळून तुमच्यासमोर गरम वरण-भात ठेवतात. पदार्थांची यादी मागू नका. स्वतः करणार असाल तर मसूर, शेवया, उपमा बरे. भाजलेल्या पिठाचं काहीही त्याहून बरं. भूक मेलेली असते, तरी खायचं. पाणी पीत राहायचं.

सामानात मी सर्वाधिक वजन देईन ते अंगाखालच्या मॅटला. स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी थंडी जमिनीतून येते. सप्टेंबरमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, जूनमध्येही जाऊ शकतो. सुती कपडे घामानं ओले झाले की वाळत नाहीत, म्हणून आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक. मोबाइलची बॅटरी आणि दुसऱ्या दिवशीचे मोजे पांघरुणात घेऊन झोपा. मनालीनंतर काझापर्यंत मधल्या वाटेवर पेट्रोल पंप नाही, आणि मोठ्या पट्ट्यात फोन लागत नाही. घरी तसं आधीच सांगून ठेवा, म्हणजे मागे कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही.

बातलपासून तळ्यापर्यंतचे चौदा किलोमीटर अरुंद, दगडगोट्यांचे आहेत. ग्राम्फू ते बातल या वाटेवर नाले थेट रस्त्यावरून वाहतात. रात्री बर्फ गोठतो, दिवसा वितळतो. त्यामुळे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गाडी अडवतं. या वाटेवर पहाटे निघायचं, यात तडजोड नको. बातलला समोरच्या बाजूला बडा शिगडी आहे, हिमाचलमधली सर्वांत मोठी हिमनदी. तिथल्या चाचा-चाचींच्या ढाब्यानं वादळात अडकलेल्या कितीतरी प्रवाशांना आजवर आसरा दिला आहे. थांबा, चहा घ्या, पुढच्या वाटेची खबर तिथेच खरी मिळते.

राहिला प्रश्न तारखांचा. मे महिन्याची सुट्टी इथे उपयोगाची नाही. कुंझुम बहुधा जूनच्या आसपास नीट खुली होते, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर कॅम्प उठतात. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचा धोका. म्हणून गणपतीनंतरचे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. बहुतेक वर्षी विसर्जन सप्टेंबरमध्ये येतं, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भाद्रपद पौर्णिमा. त्या पौर्णिमेला तळं आणि भोवतालचे डोंगर चांदण्यात स्पष्ट दिसतात. आकाशगंगा पाहायची असेल, तर मात्र पंधरा दिवस थांबून सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास जा. कोजागरी तिथे करायचा मोह टाळा. बऱ्याच वर्षी ती उशिरा येते आणि तोवर बर्फाचा भरवसा राहत नाही.

परदेशातून आलेली भाची-पुतणी बरोबर असतील आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर किन्नौर-स्पितीच्या वाटेवर त्यांना इनर लाइन परवाना लागतो. भारतीयांना लागत नाही.

परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा आणि रोजची औषधं आठवडाभर जास्त घ्या. बुकिंग करताना कॅम्पवाल्याला चार प्रश्न विचारा: तंबू तळ्यापासून किती लांब आहे, शौचालयाच्या मैल्याचं काय करता, कचरा कुठे नेता, आणि ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर आहे का. सरळ उत्तरं देणाऱ्याला थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. ‘तुमच्यासाठी अगदी पाण्याजवळ तंबू लावून देतो’ असं जो सांगेल, त्याच्याकडे राहू नका आणि ते वनखात्याला कळवा.